टोपलीखालचे दाणे

शहरात जागा कशी पाहावी, हे मला सगळेच सांगतात. नळाला पाणी कधी येतं, शाळा किती लांब, रिक्षा मिळते का, शेजार कसा आहे. खोटं काहीच नाही. गावाकडून नवीन कुणी सुरतेला आलं की मीही हेच सांगते, आणि सांगताना माझा आवाज चांगला जाणत्या बाईसारखा होतो. पण आमच्या घरात जागा पाहायची रीत वेगळी होती आणि ती माझ्या बापाच्या बोटांत होती.

आमचा पाडा काठी गावाच्या पुढं, डोंगरात. तिथं नवं घर बांधायचं ठरलं, की घरातलं सगळ्यात मोठं माणूस संध्याकाळी त्या जागेवर जातं. हातभर जमीन सारवतं. आपल्याच शेतातल्या ज्वारीचे दाणे घेतं, घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक, आणि ते एकाला एक लावून ओळीनं मांडतं. वर बांबूची टोपली पालथी घालतं. मग सकाळपर्यंत तिकडं कुणी फिरकायचं नाही. ज्यानं दाणे मांडले, त्यानंच सकाळी टोपली उचलायची. दाणे होते तसे असले तर जागा राहू देते म्हणायचं. हलले असले तर निमूट दुसरी जागा पाहायची. दुसऱ्या पाड्यांत रीत थोडी वेगळी आहे, कुणी तांदूळ घेतात. आमच्यात ज्वारी.

मी आश्रमशाळेत शिकले. सुट्टीत घरी आले की जगातलं सगळं मलाच कळतं अशी चालायचे. एकदा बापाला म्हटलं, "बा, दाणे मुंग्या हलवतात, उंदीर हलवतात. त्यात जागेचं काय?" तो रागावला नाही. म्हणाला, "असेल. पण मुंगीला कोणी पाठवलं?" यावर गुरुजींनी काही शिकवलेलं नव्हतं. 

लग्न झालं ते विसरवाडीकडच्या माणसाशी. त्याच्या घरी कोकणी बोलतात, समुद्राकडची नव्हे, कोकणा आदिवासींची; आमच्या घरी भिली. एकमेकांची भाषा आम्हाला अर्धीमुर्धी कळायची, त्यामुळे प्रेम झालं ते मराठीत आणि भांडणंही मराठीतच. नवरा नवापूरला एका पोल्ट्रीवर सुपरवायझर होता. रोज अंगाला खाद्याचा वास घेऊन यायचा. नोकरी बरी होती, खोली बरी होती, मुलगी झाली, ती तिथल्या अंगणवाडीत जायला लागली. मग कोंबड्यांमध्ये रोग आला. पांढरे कपडे घातलेली माणसं आली, खड्डे खणले, शेडच्या शेड रिकाम्या झाल्या. मालकानं पुन्हा पक्षी भरले नाहीत. नवरा काही दिवस रोज सकाळी सवयीनं तिकडं जायचा, रिकाम्या शेडसमोर उभा राहायचा आणि परत यायचा. शेवटी मीच म्हटलं, सुरतेला जाऊ. त्याचा मामेभाऊ तिथं होता. त्यानं एका कापडाच्या मिलच्या गोदामात काम लावून दिलं.

खरं तर यात एवढं काही नव्हतं. आमच्याकडून सुरत म्हणजे रेल्वेत बसलं की आलीच. डोंगरातली निम्मी माणसं दर वर्षी ऊस तोडायला, गिलावा करायला गुजरातमध्ये जातात आणि पावसाच्या आधी परत येतात. अडचण बापाची होती.

माझी आई, आम्ही तिला याहा म्हणायचो, आदल्या वर्षी वारली होती. मला भाऊ नाही. बापाचे डोळे गेले होते. डॉक्टर म्हणाले, आतली नस वाळली आहे, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. त्याला उजेड कळायचा, माणूस आला की सावली कळायची, बाकी सगळं बोटांवर आणि पायांवर. पाड्यात तो भिंतीला न धरता फिरायचा. झऱ्यावर जायचा, शेताच्या बांधावर जाऊन बसायचा. पण चूल त्याला जमत नव्हती. दोनदा हात भाजला. एकदा पेटतं लाकूड बाहेर पडलं आणि कुडाला आग लागता लागता राहिली. शेजारच्या पाड्यात त्याची बहीण, माझी आत्या, ती येऊन भाकरी करून द्यायची. पण तिचेच गुडघे गेलेले. असं किती दिवस चालणार होतं? नवापूरला असताना मी महिन्यातून एकदा तरी जाऊन यायचे. सुरतेहून ते होणार नव्हतं. त्याला सोबत न्यायचं, नाहीतर एक दिवस तो चुलीपाशी जळून गेला असं ऐकायचं, एवढे दोनच मार्ग मला दिसत होते.

तो आधी नाहीच म्हणाला. मग म्हणाला, "येतो. पण दाणे ठेवीन. थांबले तर राहीन."

मी म्हटलं, "बा, तू तरुणपणी ऊस तोडायला त्याच बाजूला जायचास ना? तेव्हा कुठं दाणे ठेवलेस?"

"ते राहणं नव्हतं," तो म्हणाला. "पाल ठोकलं, झोपलो, उठलो, आलो. तू तर कायमचं म्हणतेस."

त्यानं फडक्यात ज्वारी बांधून घेतली आणि याहाची टोपली घेतली, मोहाची फुलं वेचायची. दुसरं सामान असं काही नव्हतंच.

सुरतेत आम्ही मामेभावाच्या एकाच खोलीत उतरलो. ते नवरा-बायको, त्यांची मुलं आणि आम्ही चौघं. पहिले काही दिवस सगळे हसतमुख होते. मग भांड्याला भांडं लागायला लागलं. मामेभावाची बायको तोंडानं काही बोलत नसे, फक्त ताटं जरा जोरात ठेवायची. बापाला दिसत नव्हतं, त्यामुळे त्याला ते जास्तच ऐकू यायचं. तो गॅलरीत टोपली पोटाशी धरून बसून राहायचा. मुलगी त्याच्याजवळ बसून खालच्या गाड्यांचे रंग त्याला सांगायची.

पहिली खोली पाहिली ती रुळांकडच्या वस्तीत. तिथं पाऊल ठेवलं आणि मला बरं वाटलं. सगळीकडं अहिराणी. पाटीवर गुजराती, पण पाटीखालच्या माणसाच्या तोंडात अहिराणी. काळ्या मसाल्याचा वास, कळण्याची भाकरी, बायकांचे पदर आपल्यासारखे. अहिराणी काही आमची घरची भाषा नव्हे. नंदुरबारच्या बाजारात तीच भाषा बोलून लोकांनी आम्हाला डोंगरातले म्हणून कमी लेखलंही आहे. पण परक्या शहरात तेही लोक आपलेच वाटतात. दगडापेक्षा वीट मऊ.

घरमालक शहाद्याकडचा होता. मला म्हणाला, "ताई, आठे सगळा आपला खानदेशना लोके शेतस. बिनधास्त ऱ्हावा." पण नवऱ्यानं पैसे ठरवायच्या आधी एका रात्रीसाठी चावी मागितली तेव्हा त्याचे डोळे बारीक झाले. "एक रातनी चावी कसाले?" नवऱ्यानं सांगितलं, सासऱ्यांना दिसत नाही, त्यांना खोलीची सवय होते का ते पाहायचं आहे. नवरा खोटं फार बोलत नाही, पण बोलला की चांगलं बोलतो. मालकाला दया आली आणि चावी मिळाली.

बापानं संध्याकाळी लादी ओल्या फडक्यानं पुसली, सुकू दिली, बोटानं चाचपून दाणे मांडले. पहिला स्वतःचा. त्याला लावून माझा. मग जावयाचा, मग नातीचा. टोपली पालथी घातली. आम्ही बाहेर पॅसेजमध्ये पडलो.

सकाळी त्यानं टोपली उचलली आणि हात फिरवला. एकही दाणा जागेवर नव्हता. एक टोपलीच्या काठाला, एक दूर मोरीकडं, बाकीचे कुठं गेले ते मुलीनं शोधून दिले. मला कारण माहीत होतं. खालच्या मजल्यावर कापड विणायचे लूम होते. ते बंद होत नाहीत, कामगार बदलतात, लूम चालू राहतात. पॅसेजमध्ये झोपताना माझे दातसुद्धा हलत होते, मग ज्वारीच्या दाण्याची काय कथा.

मी त्याला तळव्यानं लादी दाबायला लावली. "बघ, मशीन आहे. मशीननं हलवले. आणि लादी गुळगुळीत. ज्वारी गोल. ती थांबेल कशी?"

त्यानं तळवा लादीवर बराच वेळ ठेवला. मग म्हणाला, "दाणा थांबत नाही तिथं माणूस कसा थांबेल, पोरी?"

मला राग आला. आला म्हणजे काय, चांगलाच आला. मी म्हटलं, इथं लाखो माणसं थांबलीत ती काय वेडी आहेत? तो दाणे पुसून फडक्यात बांधायला लागला. नवरा म्हणाला, जाऊ दे, बाजूच्या गल्लीत पाहू. बाजूच्या गल्लीतही तेच झालं. तिच्या पुढच्या गल्लीतही. त्या वस्तीत माणसं लुमांच्या मधल्या फटींत राहतात. खानदेशातून आलेला प्रत्येक जण तिथंच राहतो, तिथंच कुणी आजारी पडलं तर धावून येणारे लोक आहेत, आणि तिथंच आम्हाला जागा मिळेना.

मग नवऱ्याच्या मुकादमानं एक सोसायटी सुचवली. नाव ऐकाल तर राजवाडाच. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, तरी पण स्वच्छ होती, झाडं होती, लूम नव्हते. आम्ही चौघं गेलो. सेक्रेटरी खुर्चीवरच बसून राहिला. त्यानं आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग म्हणाला, "नॉनवेज खाते हो?" नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, खातो, मिळालं तर. सेक्रेटरी हसला आणि म्हणाला की रूम कालच गेली. परत येताना गेटवरच्या वॉचमननं मला सांगितलं, रूम चार महिने रिकामीच आहे. बापानं विचारलं, "काय झालं? दाणे नाही ठेवायचे?" मी म्हटलं, तिथं जागा आपल्याला हलवायच्या आधी माणसंच हलवतात. तो हसला. सुरतेत आल्यापासून पहिल्यांदा हसला.

तोवर मामेभावाच्या घरातली ताटं फारच जोरात वाजायला लागली होती. मला नीट जेवण जात नव्हतं. एका दुपारी त्या गॅलरीत मी बापासमोर रडले. मोठ्यानं नाही, पण त्याला कळलं. मी म्हटलं, "बा, मी थकले. एवढं सगळं करून तुला इथं आणलं, आणि तू दाणे मोजत बसलास." त्याचा हात माझं डोकं शोधत आला. 

त्यानंतर ती खोली सापडली. वस्तीच्या अगदी टोकाला, खाडीच्या अलीकडं एक बैठी चाळ. एका मिलच्या मागच्या भिंतीला लागून. खाडीचं पाणी काळं आणि वास वाईट, पण त्या मानानं खोली मोठी, दारासमोर ओटा, ओट्यापुढं एक लिंबाचं झाड. आणि शांत. इतकं शांत की मला आधी कान बधिर झाल्यासारखं वाटलं. आसपास एकही लूम नव्हता. भाडंही कमी. भिंतींना नवा रंग होता, कमरेपर्यंत निळा आणि वर पांढरा. मला वाटलं, शोभेसाठी असेल. बापाला रंग दिसत नव्हता. मला दिसत होता, पण मी तो चांगला आहे एवढंच पाहिलं.

मालक लांब राहायचा. त्यानं चावी काही न विचारता दिली. बापानं लादी पुसली, दाणे मांडले. आम्ही ओट्यावर झोपलो. कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

सकाळी मी आणि नवरा मुलीला घेऊन दूध आणायला गेलो. खरं म्हणजे मला समोर राहायचं नव्हतं. परत आलो तेव्हा दार उघडं होतं. बाप आत दारापाशीच बसला होता, उंबऱ्याला लागून, आणि लादीवरून हळूहळू हात फिरवत होता.

मी विचारलं, "काय करतोस, बा?"

"लादी गार आहे," तो म्हणाला. मग उठला, भिंत धरत खोलीच्या मध्यापर्यंत गेला, पुन्हा खाली बसला. "ये, बघ."

टोपली बाजूला होती. चार दाणे एका ओळीत, एकाला एक लागून. मी खाली बसले. मी त्याच्या गळ्यात पडले. नवरा, जो अशा गोष्टींवर कधी काही बोलत नाही, तोसुद्धा म्हणाला, "चला. मान्य झालं." मुलीनं विचारलं, माझा कुठला? बापानं शेवटच्या दाण्यावर तिचं बोट ठेवलं. त्या दिवशी आम्ही मामेभावाकडचं सामान आणलं आणि त्याच्या बायकोनं आम्हाला वाटेसाठी पुऱ्या करून दिल्या. मी आयुष्यात फार वेळा एवढी आनंदात नव्हते, आणि ते लपवून काय करायचं.

आम्ही तिथं राहायला लागलो. नवरा मिलमध्ये जायचा, मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचे, मुलगी शाळेत जायला लागली आणि महिन्याभरात गुजरातीत भांडायला शिकली. बापाला मात्र काही जमलं नाही. पाड्यात त्याला प्रत्येक चढ-उतार ठाऊक होता. पायाखाली उतार लागला की झरा, दगड लागला की आत्याच्या घराची वाट. सुरतेत सगळं सपाट. "इथली जमीन काही सांगतच नाही," असं तो म्हणायचा. ओट्यावरून खाली उतरला की दोन पावलांत हरवायचा. एकदा खाडीच्या काठापर्यंत गेला, तिथून एका रिक्षावाल्यानं हाताला धरून आणला. मग मी त्याला एकटं सोडणं बंद केलं. त्यानं एकदा विचारलं, डोंगर कुठल्या बाजूला? नवऱ्यानं उगवतीकडं हात धरून दाखवला. तेव्हापासून तो ओट्यावर तिकडं तोंड करून बसायचा. त्या बाजूला मिलची भिंत होती. जेवण कमी झालं. अंगातलं मांस उतरलं. मी मटण करायचे, मोहाची फुलं कुणाकडून तरी मागवायचे, तो दोन घास खायचा आणि "झालं" म्हणायचा. तरी एकदाही म्हणाला नाही, मला घरी सोड.

होळीला मात्र जाऊ म्हणाला. काठीची होळी त्यानं कधी चुकवली नव्हती. मी त्याला घेऊन गेले. ढोल सुरू झाले तसा त्यानं माझा हात सोडला आणि त्या गर्दीत एकटा चालत गेला, कुणाला न आपटता. कमरेला घुंगरं बांधलेली पोरं त्याच्या बाजूनं नाचत जायची आणि तो मध्ये उभा. मी लांबून बघत होते. मला वाटलं, हा माणूस तर अजून धडधाकट आहे.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या अंगणात तो आणि आत्या बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मी चुलीपाशी होते. आत्याचा आवाज चढला तेवढं ऐकलं: "मग राहा ना इथंच." तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं त्यानंच मला हाक मारली, "चल पोरी, गाडी चुकेल." मला बरं वाटलं. वाटलं, त्याला आता सुरतेचं घर घर वाटायला लागलं. गाडीत मी मुलीला तसं सांगितलंसुद्धा.

पावसाळ्यात मला कळलं की त्या बाजूला लूम का नाहीत. मशीन महाग असतं. खाडीचं पाणी जिथं येतं तिथं कुणी मशीन बसवत नाही. माणसांना भाड्यानं देतात. निळा रंग कुठपर्यंत होता आणि का होता, तेही कळलं; आधीच्या पाण्याचे डाग झाकायला. ही गोष्ट वस्तीतल्या कुठल्याही बाईनं मला एका वाक्यात सांगितली असती. पण आम्ही जमिनीला विचारलं, शेजारणीला विचारलं नाही. जिथं काही हलत नाही अशी जागा शोधत शोधत आम्ही तिथं गेलो, आगीतून फुफाट्यात.

पाणी आलं ते दिवसाढवळ्या आलं. आधी मोरीतून वर आलं, मग दारातून. काळं आणि त्यावर मिलचा रंग तरंगत होता. मी मुलीला शेजारच्या पक्क्या घराच्या जिन्यावर नेऊन बसवलं आणि परत आले तर बाप कमरेइतक्या पाण्यात खाटेचा पाय धरून उभा होता. मला म्हणाला, "पोर कुठं आहे?" मी म्हटलं, वर आहे. "मग ठीक." नवरा मिलमधून धावत आला आणि त्याला पाठीवर घेऊन जिन्यावर चढला. आम्ही ओल्या कपड्यांत तिथं वर, पत्र्याखाली, खूप वेळ बसलो होतो. टोपली पाण्याबरोबर गेली. ती गल्लीतून जाताना मी पाहिली. त्याला सांगितलं नाही.

मग त्याला ताप आला, मग छाती भरली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना जे करता आलं ते त्यांनी केलं. त्याच्या अंगात आधीच काही उरलं नव्हतं. एका सकाळी मी त्याच्या तोंडाला पाणी लावत होते, त्यानं माझं मनगट धरलं, आणि मग धरलेलं राहिलं नाही.

त्याला गावाकडं न्यायचं यावर कुणी काही बोललं नाही. गाडी केली. वाटेत विसरवाडीला सासरची माणसं चढणार होती म्हणून नवापूरच्या बाजूनं निघालो. रस्त्याकडेच्या पोल्ट्रीच्या शेड दिसल्या. काहींत पक्षी भरलेले होते, पांढरे पांढरे. नवऱ्यानं तोंड फिरवलं. विसरवाडीच्या नाक्यावर ट्रक, हॉटेलं, बसची वाट पाहणारी माणसं, सगळं होतं तसं. सासू गाडीत चढली आणि माझ्या बापाच्या पायांवर हात ठेवून बसली. पुढं घाट लागल्यावर ड्रायव्हर घाबरला. म्हणाला, "ताई, तुम्हनं गाव आजून कितलं दूर शे?" मी म्हटलं, जवळ आहे. जवळ नव्हतं. पण माझ्या बापाला आता उतार लागले होते, वळणं लागली होती, आणि मला उगीच वाटत राहिलं की त्याला कळत असेल.

अग्नी दिला. पाड्यातली माणसं आली, गेली. आत्या माझ्याजवळ बसली. तिनं विचारलं, "टोपली कुठं आहे?"

"पाण्यात गेली."

आत्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुला त्यानं सांगितलं नसेल. होळीला मला म्हणाला होता. तिथं त्याचा दाणा हलला होता."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, नाही आत्या, चारही जागेवर होते, मी डोळ्यांनी पाहिले.

"तुमचे तिघांचे होते. नवऱ्याचा, पोरीचा, तुझा. तसूभर हलले नव्हते. त्याचाच एकटा नव्हता तिथं. सापडेना. लादीवर हात फिरवत फिरवत शोधला म्हणे. पार दाराशी गेला होता, उंबऱ्याला लागलेला. तेवढ्यात तुमची पावलं वाजली."

मला त्याचा लादीवरचा हात दिसला.

"मी त्याला म्हटलं, वेड्या, मग राहिलास कशाला? मग राहा ना इथंच. तर मला म्हणतो, पोरीचा दाणा थांबला होता. ती रडत होती. तिचा थांबला, मग माझ्या एकट्यासाठी तिला कशाला उठवू. म्हणून दाराकडं गेलेला उचलला आणि तिच्या दाण्याला लावून ठेवला."

मी आत्याच्या अंगणात बसून राहिले. मला रडू आलं नाही, राग आला. त्याच्यावर आला. जन्मभर ज्या माणसानं मुंगीवरसुद्धा विश्वास ठेवला, त्यानं एकदाच खोटं केलं, आणि ते माझ्यासाठी. आणि ते मला असं कळावं की मला त्याला काही बोलताही येऊ नये.

आम्ही सुरतेला परत आलो. पाणी ओसरलं होतं. मालकानं भिंतींना पुन्हा रंग दिला, या वेळी निळा जरा वरपर्यंत. नवरा अधूनमधून म्हणतो, जागा बदलू, रुळांकडं एक बरी खोली आहे. मी टिकल्या चिकटवत असते. मान वर न करता म्हणते, कशाला बदलायची? आपले तिघांचे हलले नव्हते.